वारा पाठीशी असेल तर घरी बसा

हरणाच्या मागे धनुष्यबाण घेऊन गेलेल्या माणसाचं आपल्याकडे आजवर काही धड झालेलं नाही. प्रभू रामचंद्र हरणामागे गेले आणि इकडे सीता गेली. पंडुराजा गेला, तो शाप घेऊन परत आला. दशरथानं काळोख्या रात्री शरयूकाठी नुसत्या बुडबुड आवाजावर बाण सोडला, तो श्रावणबाळाला लागला. जरा नावाच्या व्याधाला झाडीत हरिण दिसलं, ते श्रीकृष्णाचं पाऊल निघालं. यांतल्या एकाचाही नेम चुकलेला नाही, हे मात्र लक्षात घ्या. नेमबाजीत चौघेही शंभरापैकी शंभर मार्क मिळवणारे. नापास झाले ते दुसऱ्याच दोन विषयांत. एकाचं नाव ‘कधी’ आणि दुसऱ्याचं ‘कुठे’. अख्ख्या यादीत त्यातल्या त्यात बरा सुटला तो दुष्यंत. आश्रमाच्या हद्दीत शिरताना तापसांनी ‘थांब’ म्हटल्यावर त्यानं बाण परत भात्यात ठेवला आणि त्याचं लग्न जमलं. (पुढचं अंगठीचं प्रकरण वेगळं. त्याचा शिकारीशी संबंध नाही.)

ही जुनी प्रकरणं मी उकरून काढतो आहे त्याला कारण आहे. गेली काही वर्षं माझा ऑक्टोबर-नोव्हेंबर मुलीकडे, पेनसिल्व्हानियात पिट्सबर्गच्या एका उपनगरात जातो आणि त्या दोन महिन्यांत तिथला दर तिसरा माणूस दशरथ झालेला असतो. प्राणी एकच. पांढऱ्या शेपटीचं हरिण. अंगलट साधारण आपल्या चितळासारखी, पण ठिपके फक्त पाडसाच्या अंगावर. घाबरलं की शेपटी उभारतं आणि पांढरा रुमाल हलवत निघून जातं. या हरणासाठी तिथे तिरंदाजांचा स्वतंत्र मोसम १९५१ सालापासून आहे. तो ऑक्टोबराच्या सुरुवातीला उघडतो आणि नोव्हेंबराचा बराचसा भाग खातो. म्हणजे ऐन दिवाळीत. त्यामुळे फराळाच्या ताटावर चकलीइतकाच हाही विषय कुरकुरतो आणि आमच्या मराठी मंडळींचे ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘काय हे क्रूर लोक!’ दुसरा म्हणतो, ‘मी पण नवीन धनुष्य घेतलंय.’ माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी पहिल्या तटाचं पाहू, कारण तो संख्येनं मोठा आणि आवाजानंही मोठा.

यांतले जे खरोखर शाकाहारी आहेत, ज्यांना कोणताच जीव घेणं मान्य नाही, त्यांच्यापुढे मी हात जोडतो आणि मागे सरतो. त्यांचं म्हणणं स्वच्छ आहे आणि ते ते पाळतात. पण आमच्याकडे या विषयावर सर्वांत जास्त गहिवरतात ते एक गृहस्थ मटणाच्या रश्शात वडे बुडवता बुडवता गहिवरतात. बकऱ्याला डोळे नसतात, हरणाला असतात, असा काहीतरी त्यांचा समज असावा. हेच गृहस्थ मे महिन्यात फोन करून सांगत होते, की मेल्या हरणांनी गुलाबाची एक कळी शिल्लक ठेवली नाही, टोमॅटोची रोपं मुंडावली, कोणीतरी यांचा बंदोबस्त केला पाहिजे. कोणीतरी! बंदोबस्त तर हवा, पण तो करणारा माणूस मात्र आपल्या ओळखीत असता कामा नये. आपल्याकडच्या सुखवस्तू अहिंसेचं हे फार जुनं लक्षण आहे.

जरा हिशेब मांडू. १९०० सालाच्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आसपास उरली होती असा अंदाज आहे. मांस आणि कातडी बाजारात विकणाऱ्यांनी बाराही महिने, मिळेल त्या मार्गानं, मिळेल तिथे मारून ती संपवत आणली होती. म्हणजे ‘कधी’ आणि ‘कुठे’ हे दोन प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. त्याच वर्षी लेसी कायदा आला. बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा ठरलं. पेनसिल्व्हानियानं तर १९०६ पासून बाहेरून हरणं आणून जंगलात सोडली. शिकारीला मोसम आले, परवाने आले, मोजदाद आली. १९३७ साली बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या संवर्धनाला बांधून दिला गेला आणि १९७२ साली धनुष्यबाणही त्या करात ओढले गेले. आज ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत असं मानतात. म्हणजे ज्यांनी संपवली तेही शिकारी आणि ज्यांच्या पैशानं परत आली तेही शिकारीच. फरक एवढाच, की दुसऱ्यांना वेळ आणि जागा पाळायला लावली गेली.

आता अडचण उलटी आहे. पेनसिल्व्हानियातला लांडगा आणि डोंगरी सिंह हे दोघेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नाहीसे झाले. हरणाला मागे वळून बघायचं कारणच उरलं नाही. जंगलात ओकचं, मेपलचं रोप वीतभर वर आलं की हरिण ते खातं. म्हातारी झाडं उभी आणि खाली पोरंबाळं नाहीत, अशी त्या जंगलांची अवस्था आहे. नोव्हेंबरात ती गाड्यांखाली येतात, त्यात हरणं मरतात आणि माणसंही मरतात. शेवटी २०२३ साली खुद्द पिट्सबर्ग शहरानं फ्रिक पार्क आणि रिव्हरव्यू पार्क या आपल्या दोन बागांत निवडक तिरंदाजांना परवानगी दिली. बंदुकवाल्यांना नाही. भर वस्तीत गोळी कुठवर जाईल सांगता येत नाही, बाण मात्र वीस-पंचवीस यार्डांत काम करतो आणि झाडावरून खाली सोडला की जमिनीतच रुततो. तेव्हा ‘शिकार हवी की नको’ हा प्रश्न तिथे निकालात निघालेला आहे. उरले ते आपले जुनेच दोन विषय. कधी आणि कुठे.

इथे दुसरा तट खुशीत येतो. ‘काका, बघा, मी म्हणत नव्हतो?’ थांब बाबा. तुझ्याकडेच येतो आहे.

हा दुसरा तट म्हणजे आमच्या जावयाचा मावसभाऊ. सॉफ्टवेअरमधला हुशार मुलगा. त्याला तीन वर्षांपूर्वी धनुर्विद्येचा झटका आला आणि तो थेट दुकानात गेला. या दुकानांसारखी मोहमयी जागा मी दुसरी पाहिली नाही. धनुष्य आता आपल्या कॅलेंडरातल्या रामाच्या हातातलं राहिलेलं नाही. त्याला दोन टोकांना कप्प्या असतात. होलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थानं १९६९ साली त्याचं पेटंट घेतलं. पूर्ण ओढल्यावर ताण एकदम हलका होतो, त्यामुळे माणूस नेम धरून निवांत उभा राहू शकतो. ही सोय चांगली, माझी तक्रार नाही. पण त्याच्या पाठोपाठ पानाफुलांचे छापील कपडे, अंगाचा वास मारणारा फवारा, फोनवर हरणाचा फोटो पाठवणारा कॅमेरा आणि बाटलीतलं हरिणीचं मूत्र! लहानपणी आजीनं गोमूत्र शिंपडलं की नाक मुरडणारा हा मुलगा, त्यानं डॉलर मोजून हरिणीचं मूत्र विकत आणलं आणि घरात फ्रीजमध्ये ठेवू का म्हणून विचारलं. त्यावर त्याच्या बायकोनं काय उत्तर दिलं ते लिहिता येण्याजोगं नाही.

सगळ्यांत कहर म्हणजे मुहूर्त. पंचांगाला हसत हसत समुद्र ओलांडलेल्या या मुलाच्या फोनवर चंद्राचं कोष्टक आहे! चंद्र डोक्यावर आला किंवा पायाखाली गेला की जनावरं हिंडतात, अशी एक कल्पना जॉन ऑल्डन नाइट यांनी १९२६ साली, मुख्यतः मासे पकडणाऱ्यांसाठी, मांडली. तिची कोष्टकं अजून खपतात. अमुक वाजून तमुक मिनिटांनी उत्तम योग, दुपारी मध्यम योग. फक्त ‘दक्षिण दिशेस प्रवास टाळावा’ एवढंच लिहायचं राहिलं आहे. हरणांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांची हालचाल तपासणाऱ्यांना चंद्राचा म्हणण्यासारखा संबंध काही आढळला नाही. हरिण हिंडतं पहाटे आणि संध्याकाळी, चंद्र कुठेही असो.

खरा मुहूर्त असतो, पण तो सूर्य काढतो. दिवस लहान होत गेला की नराच्या अंगात माजाचं वारं भरतं आणि पेनसिल्व्हानियात नोव्हेंबराच्या मध्याला ते शिगेला पोचतं. हरिणीचे दिवस सुमारे दोनशे. म्हणजे पाडस जन्मतं मेअखेरीला किंवा जूनमध्ये, जेव्हा गवत कोवळं आणि भरपूर असतं. उकाडा असला तर नर दिवसाचा कमी हिंडेल, पण तिथी काही बदलत नाही. माजावरचा नर तहानभूक विसरून हरिणीच्या मागे भरदुपारीही उघड्यावर येतो आणि तिरंदाजांची गर्दीही तेव्हाच होते. पंडुराजाची आठवण इथे कोणालाही येईल. मलाही येते आणि ते पंधरा दिवस मला थोडे टोचतात. कायदा परवानगी देतो, हरणांच्या संख्येला त्यानं धक्का लागत नाही, हे सगळं कबूल. तरी शेजारच्या म्हातारबुवांची रीत मला जास्त पटते.

हे म्हातारबुवा आयुष्यभर प्लंबिंगचं काम करून निवृत्त झालेले. बोलणं कमी. त्यांची शिकार बरीचशी माझ्या डोळ्यांदेखत, त्यांच्या अंगणात चालते. पहाटे बाहेर येतात, खिशातून पावडरीची चिमुकली डबी काढतात, एकदा दाबतात आणि पावडर कुठे जाते ते बघत राहतात. मग बऱ्याच वेळा आत जाऊन गळका नळ दुरुस्त करायला बसतात. संपली शिकार! पहिल्या वर्षी मला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी सोसत नसावी. मग हळूहळू उलगडा झाला.

हरणाला डोळ्यांनी फसवता येतं, कानांनी थोडंफार फसवता येतं, पण नाकाला फसवता येत नाही. फवारे मारा नाहीतर मूत्र शिंपडा, माणूस तो माणूस. म्हणून वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. तो पाठीशी असेल तर आपण यायच्या आधीच आपलं व्हिजिटिंग कार्ड पुढे पोचलेलं असतं. शिवाय डोंगराळ मुलूख. ऊन तापलं की हवा उताराला धरून वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन दरीत उतरते. म्हणून जे झाड सकाळी उत्तम तेच संध्याकाळी वाया. म्हातारबुवांची मचाणं एकूण चार. वायव्येच्या वाऱ्याला एक, पश्चिमेच्या वाऱ्याला दुसरं. दक्षिणेचा वारा असला तर नळ.

जागेचं शास्त्रही असंच. पांढऱ्या ओकचं सुपारीएवढं फळ पडायला लागलं की हरणं तिकडे वळतात, कारण लाल ओकच्या फळापेक्षा ते कमी तुरट. दिवसा ती दाट झुडपात रवंथ करत पडतात. अडाणी माणूस एकतर पानावर जाऊन बसतो नाहीतर बिछान्यावर. जाणता बसतो ओसरीवर, म्हणजे दोहोंमधल्या वाटेवर. दोन टेकड्यांमधल्या खोलगट खिंडीत वाटा एकत्र येतात, तिथे पंधरा-वीस फुटांवर, कमरेला पट्टा बांधून. (झाडावरून पडण्याचे अपघात तिथे फार.) आणि नुसतं झाड निवडून भागत नाही. त्या झाडापर्यंत हरणांना न उठवता कसं जायचं आणि अंधार पडल्यावर कसं परतायचं, हेही आधी ठरवायचं. ती वाट नसेल तर ते झाडही नाही. एकाच जागी रोज जायचं नाही, कारण पाहुणा रोज आला की यजमान सावध होतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं करायला निवृत्त प्लंबरच पाहिजे, नोकरदारानं काय करायचं? हाच आमच्या मावसभावाचा मुद्दा. ‘काका, मला सुट्टी शनिवारचीच मिळते.’ पूर्वी तर एकटा शनिवारच होता. पेनसिल्व्हानियात रविवारच्या शिकारीला १८७३ पासून बंदी होती. रविवार देवाचा, त्यामुळे हरणांनाही साप्ताहिक सुट्टी. २०१९ साली त्यातले तीन रविवार मोकळे झाले आणि २०२५ साली बंदीच उठली. बंदुकीचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा, तेव्हा कित्येक गावच्या शाळा त्या दिवशी बंद असत. तोही २०१९ साली शनिवारवर आणला. सगळं कॅलेंडर माणसाच्या सोयीनं सरकलं. पण हरणाला वार कळत नाही, वारा कळतो.

तो शनिवार मला चांगला आठवतो. वारा सकाळपासून उलटा. म्हातारबुवा नळ उघडून बसलेले. मावसभाऊ मात्र सजून निघाला, कारण चंद्राचा उत्तम योग आणि कॅमेऱ्यानं आदल्या दिवशी पाठवलेला आठ टोकांच्या शिंगांचा फोटो. (कालच्या पाहुण्याचा फोटो बघून आज पानं मांडण्यातला प्रकार.) संध्याकाळी, कायद्याची वेळ संपायला काही मिनिटं उरली असताना, एक नर चाळीस यार्डांवर आला. त्याला वास लागलेला होता. मान ताठ, कान इकडे. आणि यानं बाण सोडला.

आता साधं गणित करा. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो, बाण फार तर तीनशे. चाळीस यार्ड म्हणजे एकशेवीस फूट. दोरीचा टणत्कार हरणाला एक दशांश सेकंदात पोचला, बाणाला चार दशांश लागले. बेसावध हरिण कदाचित हललं नसतं. सावध हरिण पळण्यासाठी आधी खाली बसतं आणि वळतं. बाण छातीऐवजी पोटात लागला.

पोटात बाण लागलेलं हरिण लगेच मरत नाही. तासन् तास लागतात आणि मागे लगेच गेलं तर ते मरतामरता मैलभर पळतं. म्हातारबुवांना फोन गेला. ते म्हणाले, सकाळपर्यंत हात लावायचा नाही. रात्री पाऊस झाला. सकाळी रक्ताचा थेंब दिसेना. तिघेजण दिवसभर झुडपं उलथत राहिले, संध्याकाळी हात हलवत परतले. मावसभाऊ स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, ‘कदाचित वाचलंही असेल.’ कोणी काही बोललं नाही. मग म्हातारबुवा बूट झटकत म्हणाले, ‘नेम चांगला होता तुझा. पण काल जायचंच नव्हतं.’

शिकारीच्या बाजूनं आणि विरुद्ध मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. याच्याहून कडक एकही नाही.

म्हणून माझा राग त्या पोरावर कमी आणि त्याला ‘कधी’ आणि ‘कुठे’ पुडीत बांधून विकणाऱ्यांवर जास्त आहे. हा सगळा बाजार एकच आश्वासन देतो. तुम्हाला थांबावं लागणार नाही, बघावं लागणार नाही, परत फिरावं लागणार नाही. मक्याचा ढीग ओता, म्हणजे हरिण तुमच्या जागी, तुमच्या वेळेला येईल. पेनसिल्व्हानियात हे सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे, शेजारच्या ओहायोत खासगी जमिनीवर बऱ्याच ठिकाणी चालतं. एका ढिगावर तोंडाला तोंड लावून खाणाऱ्या हरणांत मेंदू पोखरणारा रोग पसरायची भीती असते. तो पहिल्यांदा १९६७ साली कोलोरॅडोत दिसला आणि आता पेनसिल्व्हानियातही आहे. कॅमेऱ्यांचंही तेच. ॲरिझोनानं २०२२ साली शिकारीसाठी ते लावायलाच बंदी केली, याचा मला तरी आनंद झाला. आपल्याला वाटतं आमिष हरणासाठी असतं. सोन्याचं हरिण कोणासाठी होतं ते आठवा. मारीच हा पहिला विक्रेता. आणि तिथे गिऱ्हाईक कोण तर प्रत्यक्ष प्रभू रामचंद्र, मग मावसभावाची काय कथा!

कोणी असंही म्हणेल, की मग हा म्हाताऱ्याचा न्याय इकडे आणा, आपल्याकडेही वाटेवर मचाणं बांधू. मुळीच नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं ‘कधी’चं उत्तर ‘कधीच नाही’ आणि ‘कुठे’चं उत्तर ‘कुठेच नाही’ असं दिलं आहे आणि ते बरोबर आहे. ताडोब्याच्या चितळाच्या मागे वाघ, बिबट्या आणि रानकुत्री अजून आहेत, त्यांच्या पानातलं आपण उचलायचं कारण नाही. रेहेकुरीच्या काळविटाला तर आधी राहायला माळ पुरला पाहिजे. प्रश्न दोन्हीकडे तेच, उत्तरं निराळी. जो दोन्हीकडे एकच उत्तर ठोकून देतो, मग तो गहिवरणारा असो की बाण परजणारा, त्यानं प्रश्नपत्रिकाच वाचलेली नाही.

तेव्हा पहिल्या तटाला माझं सांगणं एवढंच, की दया दाखवायची असेल तर ती त्या पावसात न सापडलेल्या हरणाला दाखवा आणि ते जिच्यामुळे घडलं त्या घाईला शिव्या द्या. म्हातारबुवांना नको. गेल्या मोसमात त्यांनी बाण सोडला तो एकदाच, अठरा यार्डांवर, हरिण आडवं आणि बेसावध उभं असताना. ते शंभर पावलांत पडलं आणि त्यांचा हिवाळा त्यावर निघाला.

आणि दुसऱ्या तटाला सांगतो, की धनुष्य आहे ते राहू दे, कपडे राहू देत, मूत्र तेवढं फ्रीजमधून काढ. त्याऐवजी पावडरीची ती डबी घे. शनिवारी पहाटे दाबून बघ. वारा पाठीशी असेल तर सरळ ऑफिसात जाऊन ओव्हरटाइम कर. साहेब खूश होईल, बायको खूश होईल आणि हरणाची तर मुळीच तक्रार नसेल.